कॅनॉलचा चढ

कृष्णाकाठी, वाळवा तालुक्यातल्या एका गावात आबांचा ट्रॅक्टर होता. पन्नास हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा, रंग उडालेला, पण इंजिन खणखणीत. नोव्हेंबरात कारखान्याचा बॉयलर पेटला की दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस भरून तो रात्रंदिवस खेपा मारायचा. त्यावर ड्रायव्हर होता पाटोद्याकडचा, तोडणीच्या टोळीबरोबर बीड जिल्ह्यातून आलेला पंचविशीचा पोरगा. आबांकडं त्याचा हा दुसरा हंगाम.

डिसेंबर लागला आणि ट्रॅक्टर दगा देऊ लागला. रिकामा असला की पळायचा. ऊस भरून कॅनॉलच्या पुलाचा चढ लागला की दम तोडायचा. आवाज बारीक होत जायचा, ॲक्सिलेटर दाबला तरी इंजिन वर चढायचं नाही, आणि चढाच्या निम्म्यात बंद. मग ट्रॉल्यांच्या चाकांना दगड लावा, मागच्या वाहनांच्या शिव्या खा, वाट बघा. दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की गडी पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. पुढच्या चढाला पुन्हा तेच.

तोडलेला ऊस वाट बघत नाही. तो सुकतो, त्याचं वजन घटतं, आणि वाहतुकीचं बिल वजनावर निघतं. आबांनी पहिल्याच आठवड्यात नाक्यावरचा मेकॅनिक आणला. त्यानं दोन्ही डिझेल फिल्टर बदलले, एअर काढली, दोन खेपा सुरळीत झाल्या. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टर चढावर उभा. दुसरा मेकॅनिक म्हणाला, पंप गेलाय. पंप उतरवून शहरात कॅलिब्रेशनला गेला, सोबत तिन्ही नोझल गेले. चार दिवस ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला आणि चार-पाच खेपांची कमाई खर्चात गेली. पंप बसल्यावर दोन दिवस ट्रॅक्टर बरा चालला, मग पुन्हा चढावर बंद. ताप उतरला की माणूस शेवटच्या गोळीला श्रेय देतो, तसं प्रत्येक दुरुस्तीनंतर आबांना वाटायचं, हेच होतं. तिसऱ्यानं इंजिनाचं हाफ काम काढलं: रिंगा, बेअरिंगं, हेड.

घरात मात्र वेगळंच बोललं जात होतं. पोरगं डिझेल काढून विकत असेल आणि वरून रॉकेल ओतत असेल. आबा उघड काही बोलले नाहीत, पण डिझेलचा कॅन घरात कुलपात गेला आणि डिझेल भरताना घरातलं कुणीतरी समोर उभं राहू लागलं. ड्रायव्हरला ते कळलं. तो जेवायला ओसरीवर यायचा बंद झाला आणि टोळीच्या खोपटात जाऊन भाकरी खाऊ लागला.

या तीन आठवड्यांत ट्रॅक्टरला हात लावणारे तिघं येऊन गेले. तिघांनीही जे विचारलं ते आबांना विचारलं. आबा मालक होते, पण त्या ट्रॅक्टरवर बसून कॅनॉलचा चढ ते एकदाही चढले नव्हते.

हाफ कामाचा आकडा ऐकल्यावर आबांनी शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना निरोप धाडला. मिस्त्रींनी एके काळी पाणी उपसायच्या डिझेल इंजिनांपासून सुरुवात केली होती. आता हात थरथरायचा, म्हणून बारीक काम नातू करायचा. सकाळी ते नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आले. पेटी खाली ठेवली, पण उघडली नाही.

"गाडी कोण चालवतंय?"

"हे पोरगं. पण त्याला काय कळतंय? मी सांगतो की सगळं."

"तुमचं ऐकतो आबा, पण जरा मागनं. आदी च्याचं तेवढं बघा की."

आबा घरात गेले. मिस्त्री ट्रॉलीच्या दांड्यावर टेकले आणि पोराला शेजारी बसवलं. पोरगं अंग चोरून बसलं.

"झटक्यात बंद पडतो का हळूहळू मरतो?"

"हळूहळू. आधी दम तोडतो, मग भुकभुक करतो, मग बंद."

"मरताना धूर कसला? काळा?"

पोरानं जरा आठवून पाहिलं. "नाही. धूरच नसतो. उलट नुसता पांढुरका, कमी कमी होत जातो."

मिस्त्रींनी नातवाकडं पाहिलं. नातवानं मान हलवली. चढावर लोड असताना डिझेल भरपूर आणि हवा कमी असेल, तर ट्रॅक्टर काळा धूर ओकतो. तेव्हा एअर क्लीनर बघायचा. लोड आहे, दम जातोय आणि धूरही नाही, याचा अर्थ इंजिनापर्यंत डिझेलच पुरेसं पोचत नाही. एका उत्तरात निम्मा ट्रॅक्टर संशयातून सुटला.

"पुन्हा चालू करताना एअर काढावी लागते?"

"नाही मालक. थोडं थांबलं की आपोआप होतो. कधी हातपंपाचे चार-पाच दट्टे मारतो."

"दट्टा कसा लागतो हाताला? ढिला, का ओढ लागते?"

हे पोराला आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. त्याचा चेहरा बदलला. "ओढ लागते! वर ओढला की आत खेचून नेतो. बंद पडल्या पडल्या तर लई. जरा वेळानं नीट होतो."

मिस्त्रींनी पेटी उघडली ती इथं. माझ्या मते दुरुस्ती या ओळीवरच झाली होती. पुढचं सगळं खातरजमेसाठी होतं.

नातवाला समजावत ते जे बोलले ते इथं मांडतो, कारण ट्रॅक्टर असलेल्या प्रत्येक घराला ते ठाऊक असलं पाहिजे. डिझेल टाकीतून निघतं, कॉकमधून नळीत येतं, फीड पंप ते ओढतो, फिल्टरमधून पुढं ढकलतो, मग मोठा पंप ते नोझलला देतो. फीड पंपाच्या अलीकडची बाजू ओढीची, पलीकडची दाबाची. दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल बाहेर झिरपतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढीच्या बाजूला वॉशर खराब असेल तर बाहेर थेंबही न दिसता हवा आत शिरू शकते, म्हणून ती गळती फसवी. हवा शिरली की इंजिन मरतं, कारण नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपासचा दाब लागतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा जेमतेम एक-दीड बारची असते, त्यावरून अंदाज करा. डिझेल दाबलं तर दाब पुढं जातो. हवा दाबली तर ती नुसती आकसते आणि नोझल मिटलेलाच राहतो. पण हवा शिरून बंद पडलेला ट्रॅक्टर नुसता थांबून चालू होत नाही, एअर काढावी लागते. हा थांबून चालू होतो आणि दट्टा आत खेचतो. म्हणजे हवा शिरत नाहीय. वाट कुठंतरी अडतेय, आणि इंजिन थांबलं की मोकळी होतेय.

मोठ्या पंपाला हात न लावण्याविषयी मिस्त्रींचा कटाक्ष होता, आणि तो योग्यच होता. असे पंप जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर निघू लागले. आपल्याकडं १९५१ मध्ये बंगळूरला मोटर इंडस्ट्रीज कंपनी सुरू झाली. तिचं नाव आता बॉश असलं तरी जुने मिस्त्री अजून तिच्या पंपाला मायको पंपच म्हणतात. या पंपातला प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरचा हजारावा भाग धरून मोजायची, आणि ती अशा दोन-तीन भागांइतकीच. माणसाचा केस तिच्या वीसपट तरी जाड असतो. म्हणून रस्त्याकडेला, धुळीत पंप खोलणं म्हणजे चांगला पंप हातानं मारणं. पंपाची पाळी शेवटी. आधी जे फुकटात आणि न खोलता बघता येतं ते.

फुकटातलं पहिलं म्हणजे टाकीचं झाकण. झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यायला हवी. चिखलानं ते बुजलं तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल उतरायचं थांबतं. झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो. मिस्त्रींनी ट्रॅक्टर अर्धा तास चालवून घेतला आणि झाकणाला कान लावून ते फिरवलं. आवाज आला नाही. भोकही मोकळं होतं. पण झाकण हातात घेऊन ते थबकले. आत रबरी वॉशर नव्हता. टाकीच्या तोंडात वाकून पाहिलं, तर तिथं असायची ती जाळीही नव्हती. ते काही बोलले नाहीत. पोरानं मान खाली घातली.

दुसरी परीक्षा. फीड पंपाला येणारी नळी सोडून तिचं तोंड काचेच्या बरणीत धरलं आणि कॉक उघडला. टाकी वर असल्यामुळं डिझेल आपोआप यायला हवं. आधी भरगच्च धार आली. बरणी निम्मी होते न होते तोच धार बारीक झाली, मग थेंब थेंब. नातवानं नळीतून टाकीकडं जोरात फुंकर मारली. टाकीत बुडबुडे वाजले आणि धार पुन्हा भरगच्च. बरणी थोडा वेळ तशीच ठेवली. तळाला पाणी नव्हतं, घाण नव्हती, वासही डिझेलचाच. "रॉकेल-बिकेल काय न्हाई यात," मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. तेव्हा आबा चहा घेऊन ओसरीच्या पायरीपाशी आले होते. त्यांना ऐकू जावं एवढ्याच आवाजात ते म्हटलेलं होतं.

एवढ्यावर दुसरा कुणी टाकी खोलायला बसला असता. मिस्त्रींनी तिसरी परीक्षा घेतली, आणि या गोष्टीतली सगळ्यांत कामाची परीक्षा तीच. पाच लिटरचा स्वच्छ कॅन ट्रॅक्टरवर उंच बांधला, त्यातून साधी नळी थेट फीड पंपाला दिली, एअर काढली. ट्रॅक्टरची स्वतःची टाकी वगळूनच टाकली. पोराला म्हणाले, "भरल्या ट्रॉल्या जोड आणि कॅनॉलवर चल."

आबा पहिल्यांदाच मडगार्डवर बसले. मिस्त्री दुसऱ्या बाजूला. पुलाचा चढ आला, पोरानं गिअर टाकला, इंजिनानं आवाज धरला, थोडा काळा धूर निघाला आणि दोन्ही ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर वर निघून गेला. वळवून आणला, पुन्हा चढवला. दम एकदाही तुटला नाही. फीड पंप, फिल्टर, मोठा पंप, नोझल, रिंगा, हेड: ज्यांच्या ज्यांच्यावर तीन आठवडे आळ होता ते सगळे एका कॅननं निर्दोष सोडले. राहिली टाकी आणि तिच्यापासूनची हातभर नळी.

अंगणात आल्यावर टाकी रिकामी केली. तळाशी बोटभर रुंद, वीतभर लांब अशी पांढऱ्या प्लॅस्टिकची चिंधी सापडली. खताच्या पोत्याच्या आतल्या पिशवीचा तुकडा. डिझेलची ओढ कमी असली की ती तळाशी पडून राहायची. चढावर इंजिनानं जास्त डिझेल मागितलं की ओढीबरोबर येऊन भोकावर बसायची. इंजिन थांबलं, ओढ संपली की सुटायची. फिल्टर बदलताना आणि पंप उतरवताना नळीत फुंकर बसली असणार. तेवढ्यानं ती दूर सरकली, आणि दोन दिवस सगळ्यांना वाटत राहिलं की दुरुस्ती झाली.

आबांनी चिंधी हातात धरली. "ही आत गेली कशी?"

कुणी बोलेना. मग पोरगंच बोललं. मिस्त्रींनी त्याला आधी विचारलं नव्हतं, विचारायची गरजही ठेवली नव्हती.

"मी घातली मालक. झाकणाचं वॉशर फाटलं होतं. खड्ड्यात डिझेल उसळून बॉनेटवर यायचं. म्हणून पिशवीचा तुकडा झाकणाखाली लावला. तो फाटला, अर्धाच हाताला आला. जाळी तर त्याच्या आधीच काढली होती. रात्री कॅननं भरताना लई वेळ लागायचा, मागं नंबर असायचा."

"मग तवाच सांगायचं न्हाई? तीन आठवडं!"

"मागल्या साली ट्रॉलीची पिन तुटली ती मी येऊन सांगितली, तर तुम्ही पगारातून कापली. जॅक हरवला तो नाही सांगितला, तर नाही कापला."

आबांचा हात कंबरेवरून खाली आला. त्यांना राग आला होता हे खरं, पण या हिशेबाला उत्तर नव्हतं. त्यांच्या अंगणात खरं बोलण्याला दंड होता आणि गप्प बसण्याला माफी होती. एका वॉशरची आणि एका जाळीची किंमत वाचवायला त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण ती मागायला यायची हिंमत पोरात राहू नये, एवढी व्यवस्था त्यांनी मागच्याच साली करून ठेवली होती.

मी यात पोराला मोकळा सोडत नाही. जाळी काढणं ही घाई होती, आणि डिझेलच्या बाबतीत घाईची किंमत पुढं पंप-नोझल मोजतात. जाळी वाट अडवत नाही, ती केर अडवते. वॉशरच्या जागी प्लॅस्टिक लावणं हाही चुकीचा जुगाड. पण चूक दुसऱ्या दिवशी सांगितली असती तर टाकी अर्ध्या तासात साफ झाली असती. अर्ध्या तासाचं काम तीन आठवडे लांबलं ते भीतीमुळं.

चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम करून आला. मिस्त्रींनी मजुरी सांगितली, दिवसाची जी चालू होती तेवढीच, ना कमी ना जास्त. आबांनी ती दिली आणि वर शंभराच्या दोन नोटा धरल्या. मिस्त्रींनी नोटा परत केल्या.

"ह्याचं वॉशर आणा, जाळी आणा. आणि एक ठरवा. जो त्याच दिवशी येऊन सांगंल, त्याच्या पगाराला हात लावायचा न्हाई."

"आणि मुद्दाम मोडलं तर?" आबांनी विचारलं. हिशेबी माणूस, लगेच हो म्हणणारा नव्हे.

"मुद्दाम मोडणारा सांगायला येत न्हाई आबा."

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग घरात गेले, वही घेऊन आले आणि मागच्या हंगामाचं पान काढलं. पिनेचे कापलेले पैसे त्याच दिवशी पोराच्या हातावर ठेवले. हरवलेल्या जॅकचा विषय त्यांनी काढला नाही. तो दुसऱ्या दिवशी पोरानंच काढला. जॅक कारखान्याच्या यार्डात राहिला होता. कुठं विसरला ते त्याला आठवत होतं, पण एव्हाना तो कुणीतरी उचलला होता. त्याचे पैसे आबांनी कापले नाहीत. डिझेलच्या कॅनचं कुलूप निघालं. ओसरीवर जेवायला यायला मात्र पोरानं आणखी आठवडा घेतला. संशयाचं कुलूप किल्लीनं निघत नाही.

उरलेल्या हंगामात ट्रॅक्टर कॅनॉलवर थांबला नाही. जानेवारीत पोरानं येऊन सांगितलं की फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी दिसतंय. त्याच संध्याकाळी वाटी साफ केली, टाकीच्या तळाचा बूच काढून चार बोटं डिझेल सोडून दिलं, आणि तेव्हापासून रात्री टाकी भरून ठेवायची सवय लावली. अर्ध्या रिकाम्या टाकीत थंडीच्या रात्री हवेतली वाफ धरून पाणी साठतं. फेब्रुवारीत त्यानं सांगितलं की एका नोझलच्या नळीचं नट पाझरतंय. ते पान्यानं आवळण्यापुरतं काम होतं. मार्चमध्ये ट्रॉलीची पिन पुन्हा झिजली, आणि ती तुटायच्या आधी बदलली गेली. हाफ काम झालं नाही. ते लागतच नव्हतं. पुढच्या दसऱ्याला उचल घ्यायला पोरगं आबांकडंच आलं.

ज्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. आज संध्याकाळी टाकीचं झाकण उघडून बघा: जाळी जागेवर आहे का, वॉशर शाबूत आहे का, झाकणाचं भोक मोकळं आहे का. उद्या ट्रॅक्टर दम तोडू लागला तर पंप उतरवायच्या आधी वर एक कॅन बांधा आणि बाहेरच्या डिझेलवर चढ चढवून पाहा. आणि मिस्त्री आला की ड्रायव्हरला त्याच्याजवळ बसवा, तुम्ही स्वतः चहाचं बघायला आत जा.